लाल रुमालावरचं रफू

माझा मामा देव मानत नसे आणि बहिणीच्या हातची भाकरी सोडत नसे. या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी गुण्यागोविंदानं नांदत. हैदराबादला शिकायला म्हणून गेला तो लाल बावट्याच्या माणसांत मिसळला. निजाम गेला, नवं सरकार आलं, पण मामाला आत ठेवावं याबाबत दोन्ही सरकारांचं एकमत होतं. तुरुंगातून सुटला तेव्हा दाढी वाढलेली, गालफडं बसलेली आणि काखोटीला पुस्तकांचं गाठोडं. तो थेट आमच्या घरी आला आणि तिथंच राहिला. माझे वडील येडशीला छोट्या रेल्वेच्या स्टेशनात नोकरीला होते. महिन्यातून एखाद्या वेळी घरी येत आणि कुठल्याही प्रश्नाला ‘तुझ्या मायला विचार’ एवढंच उत्तर देत. त्यामुळं घरात माणसं तीनच: माय, मी आणि हा क्रांतिकारक.

आमचं गाव येरमाळ्याच्या अलीकडचं. येरमाळ्याच्या देवीची धाकटी बहीण म्हणून आमच्याही गावात देवीचं एक लहानसं देऊळ होतं. देवळापुढं फरसबंद अंगण आणि मोठा लिंब. गावात चार माणसं एकत्र बसू शकतील अशी सपाट जागा तेवढीच. म्हणून भजन तिथं, पंचायत तिथं, लग्नाची पंगत तिथं आणि मामा आल्यापासून धर्म ही अफू कशी आहे यावरची व्याख्यानंही तिथंच. व्याख्यान संपलं की पुजारी मामाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवी. मामा तो खाई.

आल्या वर्षीच त्यानं गावातल्या पोरांचं पथक काढलं. सकाळी कवायत, संध्याकाळी वाचन, आठवड्यातून दोनदा गावात फेरी. पथकात स्त्रीवर्ग पाहिजे असं पक्षानं वरून कळवलं होतं. बाकी सगळ्या आयांनी आपल्या पोरींना घरात ओढून घेतलं, तेव्हा स्त्रीवर्ग म्हणून मी एकटी उरले. माय मला सोडणार नाही असं मामाला वाटलं होतं. ती म्हणाली, “ने की. घरात बसून तरी काय उजेड पाडती?”

गणवेश म्हणजे ज्याच्याकडं असेल तो सदरा, पण गळ्यात लाल त्रिकोणी रुमाल हवाच. त्रिकोणाचा अर्थ मामा आम्हाला समजावून सांगे. एक टोक शेतकऱ्याचं, एक विद्यार्थ्याचं, एक कामगाराचं. शेतकरी गावभर होते, विद्यार्थी आम्ही होतो, कामगार मात्र गावात नव्हता. पिठाच्या गिरणीवर इंजिनाला तेल घालणारा एक गडी होता, त्याला मामानं कामगार म्हणून धरलं आणि सभेत पुढं बसवलं. तो गिरणीवाल्याचा साडू होता. “म्या कामगार न्हाय, पाव्हणा हाय,” असं तो ज्याला त्याला सांगत सुटला, आणि पुढच्या सभेला आला तो कोट घालून.

लाल कापड मिळवणं ही सोपी गोष्ट नव्हती. तालुक्याच्या दुकानात लाल म्हणून एकच कापड होतं, वह्या-पोथ्यांना वेष्टण घालायचं जाडंभरडं खारवं. मामानं तेच आणलं. पहिल्याच कवायतीला फाल्गुन सरतानाचं ऊन. घाम आला तसा रंग उतरला. मानेवरून, छातीवरून, सदऱ्यांवरून लाल ओघळ घेऊन आमचं पथक रांगेत गावात शिरलं, तेव्हा एका पोराच्या आजीनं रस्त्यात उभं राहून माझ्या नातवाला कुणी कापलं म्हणून अख्ख्या गावाला शिव्या घातल्या. रंग आहे हे कळल्यावरही तिनं शिव्या परत घेतल्या नाहीत. सकाळी उठले तेव्हा माझी उशी लाल झाली होती आणि माय ती धुवायला घेऊन गेली.

दोन-चार दिवसांनी मामा संध्याकाळी घरी आला तो काखेत एक गुंडाळी दडवून. दार लावलं, गुंडाळी सोडली. मऊ, दाट, पक्क्या रंगाचं लाल कापड! काठ आधीच फाडून काढलेले.

“कुठनं आणलंस?” मायनं विचारलं.

“सोलापूरच्या गिरणी कामगारांनी धाडलंय, अक्का. पथकासाठी भेट म्हणून.” मामाचा आवाज अंमळ चढलेला होता.

मायनं कापड मांडीवर घेतलं. चिमटीत धरून पाहिलं, दिव्याजवळ नेऊन पाहिलं, सगळं उलगडून परत पाहिलं. मग म्हणाली, “कापड झ्याक हाय. देव त्यांचं भलं करू.” आणि सुईदोरा घेऊन रुमालांना टीप घालायला बसली. कापलेल्या त्रिकोणांतून एक तिनं बाजूला काढून ठेवला. हा माझा. त्याच्या मधोमध नखाएवढं रफू होतं. नवीन कापडात सगळ्यांचे रुमाल धड आणि माझ्याच नशिबी रफू, म्हणून मी फुरंगटले.

“गप बस. त्यातला चांगला तुलाच दिलाय,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मी न्हाऊन आले तेव्हा रुमाल तिनं माझ्या हातात न देता मामाच्या हातात दिला. “तूच बांध हिच्या गळ्यात. तुझ्या पक्षाचं हाय.” मामाला भरून आलं. बहिणीत जागृती होत आहे असं त्यानं त्याच दिवशी वर कळवलं.

आता माझ्या नवसाबद्दल सांगायला हवं, कारण त्यानं माझ्या तोंडचं पाणी पळवलं होतं. मी रांगत होते तेव्हा मला देवी निघाल्या. त्यांचे वण अजून माझ्या गालांवर आहेत. त्या आजारात मायनं गावच्या देवीपुढं पदर पसरला होता. पोरगी जगली तर शहाणी झाल्यावर तुझ्या अंगावरचं काही हिच्या गळ्यात घालीन आणि वर्षभर हिला जोगवा मागायला लावीन. आमच्याकडं हे नवीन नव्हतं. देवीच्या अंगाला लावलेली कवड्यांची माळ गळ्यात घालायची, वेताची परडी हातात घ्यायची आणि मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी पीठ नाहीतर धान्य मागायचं. कुणी जन्मभर मागतात, कुणी बोललेल्या मुदतीपुरतं. मला वर्षभर. ते एक वर्ष मी लहानपणापासून पुढं ढकलत आले होते. मोठं होऊच नये असं मला वाटे, आणि वाटून काय उपयोग, पोरी मोठ्या होतातच.

पथकाच्या फेरीत आम्ही पक्षासाठी घरोघर मूठभर धान्य गोळा करत होतो. मामा आधी बाजाराच्या दिवशी फेरी काढायचा. मायनं त्याला वेड्यात काढलं. “बाजाराला बाया घरी असत्यात व्हय? मंगळवारी न्हाय तर शुक्रवारी जावा. अन् पोरास्नी पुढं घालू नगा, पोरीला घाला. पोरांकडं बघून सूप आत जातं.” मामानं हे सगळं ऐकलं आणि जनतेचा अभ्यास असा करावा लागतो म्हणून आम्हाला उदाहरण दिलं.

फरक लगेच पडला. बाया दारातच उभ्या असत, डोक्यावरून पदर घेऊन, सुपात ज्वारी घेऊन. मी ओटी पसरली की ज्वारी ओटीत पडे, माझ्या कपाळाला हळद-कुंकू लागे आणि एखादी म्हातारी माझ्या रुमालाच्या टोकाला हात लावून तो हात आपल्या डोळ्यांना लावी. मामा मागून घोषणा द्यायचा, पोरं त्याला साथ द्यायची आणि बायाही आतून काहीतरी ओरडत. त्या काय ओरडतात ते घोषणांच्या गदारोळात कुणाला ऐकू येत नव्हतं. ‘श्रमिकांचा लाल रंग बाईमाणसाच्या काळजाला असा भिडतो,’ मामा सांगे. मला त्या कुंकवानं खाज सुटे.

घरी आलो की ओटीतली ज्वारी पक्षाच्या पोत्यात जाण्याआधी माय त्यातली मूठभर काढून घेई. मामा कुरकुरायचा. “अक्का, पक्षाच्या धान्यावर तुझी जकात कशाला?”

“तुझ्या पक्षाचा माणूस रोज माझ्या चुलीवर जेवतो ना? मग?”

मामा पोत्याचं तोंड बांधायला लागे. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या मुठीची एक पातळ भाकरी ती वेगळी थापायची आणि बोलता बोलता त्याच्याच ताटात वाढायची. त्या भाकरीला निराळीच चव असते असं मामा म्हणायचा. श्रमाच्या धान्याची चव, म्हणे.

अशा रीतीनं पावसाळा गेला, हिवाळा गेला. माझा रुमाल धुऊन धुऊन मऊ पडला, पण रंग गेला नाही. फाल्गुनात आमच्या शाळेचे मास्तर घरी आले. गावात सातवीपर्यंतच शाळा. पुढं शिकायचं तर बार्शीला मुलींच्या वसतिगृहात राहून, आणि बार्शी तेव्हा दुसऱ्या राज्यात. मास्तरांनी स्वतःहून खटपट केली होती आणि तिथं माझ्यासाठी एक जागा मिळाली होती. जूनमध्ये हजर व्हायचं. पुढच्या वर्षी जागा राहीलच असं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. मी परसात जाऊन गोठ्याच्या खांबाला मिठी मारली आणि खूप रडले, आनंदानं. परत आले तर माय मास्तरांना चहा देत म्हणत होती, “मास्तर, नवसाचं राह्यलंय. ते फिटल्याबिगर पोरीला गावाबाहेर पाठवता येत न्हाय. चैतात माळ घालू म्हणते.”

चैत्रात माळ घातली तर वर्ष पुढच्या चैत्रात संपणार. जून त्याच्या कितीतरी आधी. आणि पुढच्या वर्षी माझ्यासाठी शाळा नव्हती, ईट गावचा एक मुलगा होता. वडिलांच्या चुलतबहिणीनं त्याचं नाव काढून ठेवलं होतं. मी मायशी भांडले. असं भांडले की शेजारीण डोकावून गेली. तुला मला शिकवायचंच नाही, तुला लिहिता-वाचता येत नाही म्हणून मलाही तसंच ठेवायचंय, असं काहीबाही बोलले. ती ज्वारी पाखडत राहिली. मामा तर तावातावानं उभाच राहिला. दगडापुढं बोललेल्या शब्दासाठी जिवंत पोरीचं नुकसान करतेस, हे तो खूप मोठ्या आवाजात म्हणाला.

“तुला लई कळवळा हाय ना भाचीचा?” माय म्हणाली.

“हाय! तिच्यासाठी काय बी करीन.”

“बघू,” असं म्हणून तिनं सूप खाली ठेवलं.

माळ घालायचा दिवस तिनं चैत्रातला असा शुक्रवार निवडला, की मामानं कपाळ बडवून घेतलं. त्याच दिवशी जिल्ह्यातले मोठे कॉम्रेड आमच्या पथकाची पाहणी करायला येणार होते. तो दिवस बदल, असं मामानं तिला परोपरीनं विनवलं. देवी काय तुमच्या कॉम्रेडला इचारून दिवस ठरवती का, असं तिनं विचारलं. अंगण एकच. सकाळी त्याच्या अर्ध्यात पथक रांगेत उभं राहिलं आणि अर्ध्यात गावच्या बाया येऊन बसल्या.

कॉम्रेड पिंडानं मोठे, चष्मेवाले, घसा बसलेले. ते देवळाच्या पायरीवर उभे राहिले. त्यांच्या मागं उघड्या दारातून देवी आमच्याकडं बघत होती. त्यांनी आमच्या रुमालांकडं बोट दाखवलं आणि सोलापूरच्या कामगार बंधूंनी आपल्या घामातून विणलेलं हे कापड मराठवाड्याच्या बालकांच्या गळ्यात पाहून आपला ऊर कसा भरून आला, ते सांगायला सुरुवात केली. मामा खाली मान घालून उभा होता. विनयानं, असं सगळ्यांना वाटलं. माझं कशातच लक्ष नव्हतं. मी पाहत होते मायच्या हातातल्या परडीकडं. तिच्यात नारळ होता, हळद-कुंकू होतं आणि कवड्यांची ती माळ होती.

भाषण श्वासासाठी थांबलं तेवढ्यात माय पुढं आली. तिच्याबरोबर गावची म्हातारी आराधीण होती. जन्मभर जोगवा मागून पाठीत वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. गावात कुणाच्या गळ्यात माळ घालायची ती तिच्याच हातानं.

“आजी, माळ घालायच्या आदी एक इचारते,” माय सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “गळ्यात आदीच देवीच्या अंगावरचं काही असंल तर वरनं माळ घालता येती का?”

“येत न्हाय,” म्हातारी म्हणाली. “एकदा घातलं ते घातलं. ज्या दिशी घातलं त्या दिसापासनं वरीस धरायचं. पण हिच्या गळ्यात कुठं काय हाय? ह्यो तर बावट्याचा रुमाल.”

“कुणाचा हाय ते मला इचारू नगा. नवस माझा हाय. फिटला असं म्या म्हणायचं नसतं. ज्यानं गळ्यात बांधला त्यालाच इचारा.”

आणि सगळं अंगण मामाकडं बघायला लागलं.

ते बघणं मी विसरलेले नाही. मामाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग रुमालासारखा. त्यानं पायरीवरच्या कॉम्रेडकडं पाहिलं, पथकातल्या पोरांकडं पाहिलं. वर्षभर त्यानं पोरांना सांगितलं होतं की आपल्या गळ्यात कामगारांचा घाम आहे. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला काही समजत नव्हतं, पण मामाच्या तोंडून आता काहीतरी येणार आणि त्यावर माझं बार्शीला जाणं लटकलंय, एवढं कळलं. मी हात जोडले. त्याला की देवीला, मला माहीत नाही.

“देवीचंच हाय,” मामा पुटपुटला.

“मोठ्यानं बोल!” म्हातारी ओरडली. “मला कमी ऐकू येतंय.” तिला सगळं ऐकू येत होतं.

“देवीचंच हाय! तिला नेसवलेलं लुगडं हाय. म्या पुजाऱ्याकडनं घेतलं. काठ फाडून टाकले. दुसरीकडं लाल कापड मिळंना!”

पुजाऱ्यानं मान डोलावली. देवीला नेसवलेली लुगडी तो विकतोच, बाया प्रसाद म्हणून घेतात, त्यात त्याला लाजण्यासारखं काही नव्हतं. लाजायचं सगळं मामाच्या वाट्याला आलं होतं. रांगेतल्या पोरांनी आपापल्या गळ्याला हात लावला. दोघातिघांनी तिथल्या तिथं चपला काढल्या.

म्हातारीची चौकशी संपली नव्हती. “बरं, वरीसभर जोगवा मागितला का हिनं?”

“जोगवा न्हाय. पक्षनिधी. मूठ मूठ धान्य.”

“कोणत्या वारी?”

मामानं बोटांवर वार मोजले. मग हळूहळू त्यानं मान वळवली आणि आपल्या बहिणीकडं पाहिलं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. “मंगळवारी,” तो म्हणाला. “अन् शुक्रवारी.”

बायांत कुजबुज सुरू झाली. आमी जोगवा म्हणूनच वाढलं, एक म्हणाली. कुंकू लावलं, पाया पडलो, दुसरी म्हणाली. मागं बावट्याची माणसं आराधी म्हणून फिरत्यात, लई चांगली गोष्ट हाय असं वाटलं, तिसरी म्हणाली. वर्षभर दारातून बाया काय ओरडत होत्या ते आम्हाला आत्ता कळलं. त्या देवीचा उदो करत होत्या आणि आम्ही जिंदाबाद म्हणत होतो.

“देवीला निवद पोचला का त्यातला?”

“दर येळी मूठभर काढून ठेवली, आजी,” आता माय बोलली. “भाकरी केली. देवीपुढं ठेवली. मग वाढली.”

“कुणाला वाढली?”

मायनं बोट केलं. मामानं डोळे मिटून घेतले.

म्हातारीनं कवड्यांची माळ उचलून परडीत परत ठेवली. “मग आता माळ कशाला? वरीस भरलं. नवस फिटला!” बायांनी उदो केला. मला वाटलं मी इथंच पडणार. पण म्हातारीनं हात वर केला. “थांबा. ज्यानं बांधलं त्यो हिचा गुरू. गुरूनं पोत नाचवल्याबिगर सांगता हुत न्हाय.”

पोत म्हणजे तेलात भिजवलेला चिंध्यांचा जाड पलिता. तो पेटवून हातात घेऊन देवीपुढं नाचायचं. पुजाऱ्यानं तो तयारच ठेवला होता, हे मला तेव्हाही खटकलं होतं. मामानं कॉम्रेडकडं पाहिलं. कॉम्रेड चष्मा पुसत होते. त्यांच्या मागं देवी, पुढं जळता पोत, डावीकडं पथक, उजवीकडं अख्ख्या गावचा स्त्रीवर्ग. अशा जागी काय करावं हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नसावं.

“अक्का,” मामा हलक्या आवाजात म्हणाला, “हे न्हाय केलं तर?”

“तर चैतापासनं माळ. तू म्हणाला हुतास की काय बी करीन.”

मामानं पोत घेतला. आयुष्यात कधी लग्नाच्या वरातीतही न नाचलेला माणूस, त्याला पाय कसे उचलायचे तेच कळेना. शेवटी त्यानं कवायतीचे पाय टाकायला सुरुवात केली. डावा, उजवा, डावा, उजवा. संबळवाल्यानं त्याला ठेका जुळवून दिला. म्हातारीनं सांगितलं, उदो म्हण. मामानं घसा साफ केला आणि ओरडला, “आई राजा उदो उदो!” पण त्या माणसाच्या घशाला वर्षानुवर्षं एकच सवय. ओरडताना दुसरा हात आपोआप मूठ वळून वर गेला. वर गेलेली मूठ पाहिली की काय करायचं हे पथकाला पाठ होतं. सगळी पोरं एका सुरात गरजली, “जिंदाबाद! जिंदाबाद!”

बाया क्षणभर थबकल्या. मग त्यांनीही उचलून धरलं. देवीचा असा जयजयकार त्या अंगणानं त्याआधी ऐकला नव्हता. मामा पोत घेऊन गोल फिरत होता, घामानं निथळत होता आणि त्याच्या रुमालाचा रंग, पक्का असल्यामुळं, जागचा हलत नव्हता. मी हसत होते आणि रडत होते. इतकं हसू मला नंतर कधी आलं नाही.

पोत विझल्यावर कॉम्रेड पायरीवरून उतरले. जनतेत मिसळण्याचे मार्ग निरनिराळे असू शकतात, असं काहीतरी ते मामाला म्हणाले. पुजाऱ्यानं त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. त्यांनीही खाल्लं.

संध्याकाळी मायनं चूल पेटवली. मामा भिंतीला टेकून बसला होता, दाढीचे थोडे केस पोतानं जळलेले. मायनं त्याच्यापुढं ताट ठेवलं. त्यानं भाकरीकडं संशयानं पाहिलं.

“साधी हाय. खा,” ती म्हणाली.

“तुला पयल्यापासनं ठावं हुतं, अक्का?”

मायनं माझ्या गळ्यातला रुमाल सोडवला, दिव्याजवळ धरला आणि रफूवर बोट ठेवलं. “हे कुणाच्या हातचं हाय?”

तिच्याच हातचं होतं. तिची रफू करायची रीत मला माहीत होती, दोरे ती तिरके घाले. वर्षभर गळ्यात मिरवूनही मी ते ओळखलं नव्हतं.

“दुकानातच उंदरानं कुरतडलेलं हुतं. म्हणून मला परवडलं,” ती मामाला म्हणाली. “म्या रफू केलं अन् देवीला नेसवलं. तू आत हुतास तवा. कागद न्हाय, निरोप न्हाय, जिता हायस का न्हाय ते बी कळंना. देवीला म्हणलं, भाऊ सुटून येऊ दे. तू आलास. अन् आलास ते तेच लुगडं फाडून पोरांच्या गळ्यात बांधलंस.”

मामानं ताट बाजूला सारलं. मग त्यानं आपल्या गळ्यातला रुमाल सोडला, घडी केली आणि तिच्यापुढं ठेवला. तिनं तो उचलून परत त्याच्या गळ्यात टाकला.

“राहू दे. सुटून ये एवढंच मागितलं हुतं. शहाणा होऊन ये म्हणायचं राह्यलं.”

मी तिच्याशी काय काय बोलले होते ते सगळं मला आठवत होतं. मी तिच्याजवळ सरकले. मला आधीच का नाही सांगितलंस, असं विचारलं.

“सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस. त्यानं रुमाल बदलला असता. मग?” आणि मग, चुलीतलं लाकूड मागं ओढत, “तुला शिकवायचं न्हाय म्हणालीस. म्या वरीसभर एक मंगळवार चुकू दिला न्हाय.”

जूनमध्ये वडिलांनी मला छोट्या रेल्वेत बसवलं. बार्शीच्या वसतिगृहात शिरताना बाई प्रत्येकीची ट्रंक उघडून पाहत. पोथ्या, ताईत, माळा यांना तिथं मज्जाव होता, आणि पक्षाबिक्षाच्या वस्तूंना तर होताच. माझ्या कपड्यांच्या तळाशी त्यांना लाल रुमाल सापडला. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला.

“हे काय आहे?”

पथकाचा म्हटलं असतं तर जप्त झाला असता. देवीचा म्हटलं असतं तर जोगवा मागणारी पोर म्हणून मलाही परत पाठवलं असतं. मी रफूकडं बघत म्हटलं, “मायच्या लुगड्याचा तुकडा आहे, बाई.”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग रुमालाची नीट घडी घातली आणि होता तिथंच, कपड्यांच्या खाली, ठेवून दिला.